बेसमेंटातली आफ्रिका

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात अरुण पोतनीसांना ‘आफ्रिकन काका’ म्हणत, आणि ते काही प्रेमानं म्हणत नसत. घाऱ्या डोळ्यांचा, पोह्यांवर खोबरं नसेल तर तोंड वाकडं करणारा हा माणूस स्वतःला आफ्रिकन म्हणवून घेतो, ही मंडळाची वर्षानुवर्षांची फुकटची करमणूक होती. गणपतीत कुणीतरी हटकून विचारायचं, “काका, तुमच्याकडचे सिंह काय म्हणतायत?” काका शांतपणे सांगायचे, “मी टांझानियात जन्मलो, ताबोऱ्याला. वडील तिथं रेल्वेच्या शाळेत गणित शिकवायचे. सिंह मी पहिल्यांदा पाहिला तो शिकागोच्या झूमध्ये.” हे उत्तर सगळ्यांना पाठ होतं, तरी विचारायचे. पाठ होतं म्हणूनच विचारायचे.

काकांची आई ताबोऱ्यातच गेली, ते शाळेत असताना. गावाबाहेर आंब्याच्या झाडांपलीकडे तिला अग्नी दिला. पुढे तिथल्या आशियाई लोकांनी धडाधड गाशा गुंडाळला त्या दिवसांत बापलेक मुंबईला आले, मग मुलगा इंजिनिअर होऊन अमेरिकेत. वय आता बहात्तर. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी ताबोऱ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. पैसा नव्हता म्हणून नाही, हट्ट होता म्हणून.

“अहो, तिकीट काढा आणि जाऊन या ना. कोणी अडवलंय तुम्हाला?” रत्नाकाकू म्हणायच्या. त्या नागपूरच्या, वर्षातून एकदा नागपूरला जाऊन येत आणि त्यात काही तत्त्वज्ञान आहे असं त्यांना वाटत नसे.

“टूरिस्ट व्हिसावर? माझ्या गावात मी पाहुणा म्हणून जाऊ? जाईन तर तिथला म्हणूनच जाईन.”

हट्टाला औषध नसतं. काकूंनी बोलणं सोडून दिलं.

रिटायर झाल्यावर काकांनी आपल्या बेसमेंटात आफ्रिका जमवली. जुमा हा टांझानियाचाच, ट्रक चालवायचा. क्वाबेना घानाचा, अकाउंटंट. वांजिरू केनियाची, नर्स. शिवाय त्यांचे येणारेजाणारे दोस्त. महिन्यातून एका शनिवारी सगळे जमत आणि आफ्रिकेतल्या देशांनी मिळून आखलेल्या त्या लांबच्या स्वप्नावर बोलत: २०६३ सालापर्यंत सगळ्या खंडाचा एक पासपोर्ट, एक बाजार, बंदुका बंद, आणि राजधान्यांना जोडणारी वेगवान रेल्वे. भिंतीवर खंडाचा मोठा नकाशा होता. काकांनी त्यावर लाल रेघेनं रेल्वे काढली होती आणि ती मुद्दाम ताबोऱ्यावरून नेली होती. “दार-ए-सलाम ते ताबोरा, तीन तास!” असं म्हणून ते स्वतःच टाळी वाजवत. मग सगळे वाजवत. दर बैठकीला. वाजवायची म्हणून वाजवायची, तशी सवयच पडली होती.

“२०६३ मध्ये मी एकशे दहाचा असेन,” काका म्हणायचे. “वरून बघेन.”

“तुम्ही आमच्याबरोबरच बघाल, म्झे,” जुमा म्हणायचा. म्झे म्हणजे वडीलधारा. मंडळातल्या ‘काका’नं कधी नाही, पण हा शब्द कानावर पडला की अरुण पोतनीसांचा चेहरा उजळायचा. इतका, की रत्नाकाकूंना त्यांची दया यायची. खुर्च्या मांडायच्या काकांनी, चहा करायचा काकांनी, आणि कोबीची भजी तेवढी काकूंनी.

आता मराठी माणसाला एक खोड असते. चार लोक सुखानं बसलेले त्याला बघवत नाहीत. त्यांची संस्था झाली पाहिजे, आणि संस्थेला घटना पाहिजे. काकांनी घटना पाहिजेच असा धोशा लावला. “उद्या कोणीही येईल आणि आपल्या नावानं बोलेल,” ते म्हणाले. कुणालाच नको होती. जुमा म्हणाला, “आपण मित्र आहोत ना?” पण म्झे म्हणतायत तर असू दे. काकांनी नवीन काही लिहिलं नाही. मराठी मंडळाची घटना कॉम्प्युटरवर होतीच, त्यांचीच लिहिलेली. जिथं जिथं मराठी होतं तिथं आफ्रिकन केलं, आणि सगळ्यांनी भजी खाता खाता हात वर केले.

इथं शिवची आधीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण काका ती सांगत नाहीत. शिव तमिळ. बायको आसावरी पुण्याची, म्हणून तो मंडळात आला आणि तिच्यापेक्षा जास्त रमला. मंडळाचे स्पीकर आणि माईक वर्षानुवर्षं त्यानं सांभाळले. गणपतीची मूर्ती तो मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून आणायचा. आरत्या त्याला इथल्या मराठी पोरांपेक्षा चांगल्या येत. मग एका वर्षी तो अध्यक्षपदाला उभा राहिला, आणि निवडून येईल अशी चिन्हं दिसू लागली. काका तेव्हा सेक्रेटरी होते. त्यांनी घाईघाईनं सभा बोलावून घटनेत कलम घालून घेतलं: अध्यक्ष आणि प्रतिनिधी जन्मानं मराठी हवा, त्याचे आई-वडील दोघंही मराठी हवेत, आणि हे बदलायचं तर एक वर्षाची नोटीस हवी.

“तसा तू आमचाच रे, शिव,” ते पार्किंग लॉटमध्ये त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, “पण रूल इज रूल, यार. साउंडचं मात्र तूच बघायचं हं!”

“बघतो ना, काका,” शिव हसून म्हणाला. पुढच्या गणपतीला साउंड त्यानंच लावला. आसावरी आली नाही.

तर गेल्या वर्षी बेसमेंटात निमंत्रण येऊन पडलं. परदेशातल्या आफ्रिकन लोकांच्या संस्थांची एक परिषद दार-ए-सलामला भरणार होती, विषय तोच, २०६३. प्रत्येक संस्थेचा एक प्रतिनिधी. काकांना रात्री झोप लागेना. याचसाठी तर सगळं थांबवून ठेवलं होतं! आफ्रिकेचा प्रतिनिधी म्हणून विमानातून उतरायचं, परिषद झाली की ताबोऱ्याला जायचं, आंब्यांपलीकडे आईपाशी उभं राहायचं आणि सांगायचं, की मी पाहुणा म्हणून आलेलो नाही. त्यांनी सूट शिवायला टाकला. मंडळात सगळ्यांना सांगून टाकलं. सिंहाचा विनोद त्या दिवशी कुणी केला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी कमाई होती.

बैठकीत काकांनी स्वतःच आपलं नाव सुचवलं. वांजिरूनं हात वर केला, जुमानंही केला. क्वाबेनानं केला नाही. तो वाचल्याशिवाय कशालाच हो न म्हणणारा माणूस. त्या बेसमेंटात घटना वाचलेला तो एकटाच.

“म्झे, आई-वडील दोघंही आफ्रिकन हवेत असं आहे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही डाव नव्हता. त्यामुळेच तो आवाज सहन होईना.

“मी तिथं जन्मलोय!”

“जन्माचं ठीक आहे. पण तुमचे आई-वडील?”

“माझी आई त्या मातीत जळली, क्वाबेना.”

“मला वाईट वाटतं, म्झे. खरंच. पण इथं जन्माचं लिहिलंय, मरणाचं नाही.”

काकांनी जुमाकडे पाहिलं. या पोराच्या बायकोचं बाळंतपण रत्नाकाकूंनी केलं होतं. ट्रकचा अपघात झाला तेव्हा काका दोन आठवडे त्याच्या उशाशी बसले होते. जुमा हातातल्या बशीकडे बघत होता. शेवटी वांजिरू म्हणाली, “मग नियम बदलू या की.” क्वाबेनानं नकारार्थी मान हलवली. एक वर्षाची नोटीस. परिषद चार महिन्यांवर होती.

“कोणी लिहिला हा नियम?” वांजिरू चिडून म्हणाली, आणि सगळ्यांना एकदमच आठवलं.

नाव जुमाचं ठरलं. तो नको नको म्हणाला, पण तसं फार वेळ म्हणाला नाही. निघताना क्वाबेनानं काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. “बेसमेंटचं मात्र तुम्हीच बघायचं, म्झे. ते नसेल तर आपण कुठं बसणार?”

“बघतो ना,” काका म्हणाले. आणि आपण कुणासारखं बोललो ते कळून ते खुर्च्या गोळा करायला लागले.

काकू वर सगळं ऐकत होत्या. त्यांनी भांडी आवरली आणि म्हणाल्या, “शिवला एक फोन करा.”

“कशाला?”

“सहज.”

काकांनी फोन केला नाही. माणूस हरला म्हणजे सुधारतो असं थोडंच आहे! सूट शिवून आला, तो कपाटात गेला. मंडळात पुन्हा सिंहाची चौकशी सुरू झाली. जुमाला विमानतळावर मात्र काकांनीच सोडलं, कारण मोठी गाडी त्यांची. उतरताना ते म्हणाले, “मला काही आणू नकोस. ताबोऱ्याला जा, आंब्यांपलीकडे दोन मिनिटं उभा राहा, आणि अरुणनं पाठवलंय म्हणून सांग. स्वाहिलीत सांगितलंस तरी तिला कळेल.” जुमानं छातीवर हात ठेवून शब्द दिला. त्याचे डोळे भरून आले होते, हेही सांगायला हवं.

तो परतल्यावरच्या शनिवारी बेसमेंट गच्च भरलं. जुमा नवा रंगीत शर्ट घालून आला होता. त्यानं भाषणं सांगितली, फोटो दाखवले, नव्या रेल्वेच्या स्टेशनाचाही दाखवला. काका जिन्याजवळ चहाची किटली घेऊन उभे होते. सगळं संपेपर्यंत ते थांबले. मग हळूच विचारलं, “आणि ताबोरा?”

जुमानं कपाळावर हात मारला. “अरे, राहिलंच बघा, म्झे! सगळे दिवस परिषदेत गेले, आणि ताबोरा किती लांब आहे, तुम्हाला तर माहीत आहे.” मग काकांचा चेहरा पाहून त्याला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. तो उठला, नकाशापाशी गेला आणि लाल रेघेवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाला, “पण काळजी करू नका. एकदा ट्रेन झाली, की तीन तास!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी किटली पायरीवर ठेवली आणि त्यांनीही वाजवल्या.