तोंडाला न लावता

"तुम्ही पीत नाही, मग वाइनचं तुम्हाला कळतं कसं?" हा प्रश्न दोह्यात मला इतक्यांनी विचारलाय की आता उत्तर देताना मी हातातलं काम थांबवत नाही. ग्लास पुसत पुसतच सांगते, माझ्या आईने आयुष्यभर नैवेद्याचं पुरण न चाखता केलं. देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही, म्हणून गूळ पुरेसा आहे का, वेलदोडा जास्त झाला का, डाळ खाली लागतेय का, सगळं वासावर. आमटीतलं मीठसुद्धा आपण वाफेवरून ओळखतो असा तिचा दावा होता आणि तो खोटा पाडायची आमची कुणाची प्राज्ञा नव्हती. विचारणारा परदेशी असेल तर "किती सुंदर" म्हणतो. आपल्यातला असेल तर म्हणतो, "पण एकदा घेऊन तर बघा!" मला दोघांचाही सारखाच राग येतो.

मी तासगावकडची. आमच्याकडे द्राक्षं वाळवून बेदाणा करतात. आई शेडवर बेदाणा निवडायला जायची आणि सुट्टीत मीही तिच्याबरोबर. लांब टेबलावर माल पसरलेला, दोन्ही अंगांना बायका. काळा पडलेला, फुटलेला, काडीचा दाणा बाजूला काढायचा. वडील टेम्पोवर होते, भरलेली खोकी कोल्ड स्टोरेजला पोचवायचे. आणि वडील प्यायचे. एवढं एक वाक्य पुरे. ज्यांच्या घरात हे होतं त्यांना पुढचं सांगावं लागत नाही, आणि ज्यांच्या घरात नव्हतं त्यांनी सुखात राहावं. मला आठवतं ते असं, की संध्याकाळी टेम्पो थांबला की आई दारात जाऊन उभी राहायची. एखाद्या दिवशी आम्हा दोघी बहिणींना म्हणायची, जावा, काकूकडं अभ्यासाला बसा. एखाद्या दिवशी काहीच म्हणायची नाही. मला वाटायचं, तिची लहर.

वडील गेले तेव्हा मी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे दोह्याची नोकरी लागली. बॅगेत मेतकुटाचा डबा बसवता बसवता आईने एकच अट घातली. "हाटेलात काम कर, माझं काय म्हणणं न्हाई. पण ती तोंडाला लावायची न्हाई." मी म्हटलं, नाही लावणार. विषय तिथेच संपला.

तेव्हा माझं काम साधं होतं. मुशैरिब भागातल्या एका हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये फोनवर टेबलं राखून ठेवायची. आईला एवढंच माहीत होतं आणि पुढची चार वर्षं मी तिला एवढंच माहीत राहू दिलं. यात खोटं काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचे. स्वतःला काय, काहीही सांगता येतं.

झालं असं, की गर्दीच्या वेळी मी वेटरांना बाटल्या उघडून द्यायला लागले. एकदा उघडलेली बाटली मी टेबलाकडे जाऊच दिली नाही. तिला भिजलेल्या खोक्याचा वास होता. पावसाळ्यात शेडमध्ये एखादं पुठ्ठ्याचं खोकं ओलं झालं की त्याला एक कोंदट वास सुटतो, आणि ढिगातलं तेवढंच खोकं आई बरोबर ओढून काढायची. आमच्या मॅनेजरने त्या बाटलीतला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बघत राहिला. हा मनुष्य लेबनॉनचा, साखर पेरून बोलणारा, पण जिभेचा पक्का. त्याने सांगितलं तेव्हा मला कळलं, की बूच खराब निघालं की वाइनला नेमका हाच वास लागतो.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे वाइनची जबाबदारी सांभाळणारा माणूस सोडून गेला. मी सरळ जाऊन सांगितलं, ती जागा मला हवी. मॅनेजर हसला. "ज्याला पोहता येत नाही त्याला जीवरक्षक कोण करतं? बरं, पिऊ नकोस. घोळव आणि थुंकून टाक. सगळे तेच करतात."

"तोंडाला लावणार नाही म्हटलंय. गिळणार नाही असं नाही म्हटलेलं," मी म्हणाले. दिलेल्या शब्दात फट शोधायला मी काही वकील नव्हे. आणि ती जागाही मला सोडायची नव्हती. दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही मिळत नाही असं मला अजून कुणी सिद्ध करून दाखवलेलं नव्हतं.

दोन महिन्यांनी इटलीहून एक कुटुंब येणार होतं. पीडमाँटच्या टेकड्यांवर त्यांचे द्राक्षमळे, वाइन घरचीच, पिढ्यान् पिढ्या. त्यांच्या तीन लाल वाइनची मेजवानी आमच्याकडे ठरली होती. मॅनेजर म्हणाला, "त्या दिवशी प्रत्येक बाटलीचा वास आधी तू घ्यायचा, चव नंतर मी. एक जरी चुकलीस तरी खलास. परत फोनवर."

मी म्हटलं, चालेल.

नमुन्याच्या बाटल्या आल्या आणि मी कामाला लागले. तिन्ही वाइन एकाच द्राक्षाच्या, नेब्बिओलो नावाच्या. एक कोवळी, एक वरच्या उतारावरच्या जुन्या वेलींची, एक लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली. पुस्तकात लिहिलेलं, यात चेरी शोधा, व्हायोलेट शोधा. मला चेरी माहीत होती ती केकवरची. म्हणून मी माझी यादी केली. कोवळीत आमसूल. उतारावरचीत दुसऱ्या दिवशीचा गुलाबाचा हार. मुरलेलीत तंबाखूची पुडी, सुंठ आणि डांबर. डांबर मात्र पुस्तकातही होतं, आणि ते शोधायला दोह्यात लांब जावं लागत नाही. घरी वाट्यांमध्ये हे सगळं मांडून मी डोळे मिटून ओळखत बसायचे. माझ्या खोलीत राहणारी नर्स सावंतवाडीची, ती म्हणायची, "हुंगान हुंगान नाक झिजतला गो तुझा!" झिजलं नाही.

इटलीहून ती दोघं आली. सत्तरीच्या पुढची आई आणि चाळिशीतला मुलगा. तिला इंग्रजी येत नव्हतं, तो सांगायचा. तिच्या बोटांवर छाटणीच्या कात्रीचे वण होते. तसे वण मी आमच्याकडच्या बागायतदारांच्या हातांवर पाहिलेत. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करतात हे मी सांगितलं तेव्हा तिने दोन बोटं वर करून मला परत विचारलं, दोनदा? आणि बिचाऱ्या वेलींची कीव यावी तशी मान हलवली.

मेजवानीच्या दिवशी दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, पडदे ओढून आम्ही बाटल्या उघडायला बसलो. मी बूच काढायचे, ग्लासात घोटभर ओतायचे, फिरवून वास घ्यायचे. मॅनेजर चाखायचा. एकेक करत सगळ्या ठीक निघाल्या. शेवटी उरल्या मुरलेल्या वाइनच्या तीन बाटल्या. त्या मुलाने स्वतः बरोबर आणल्या होत्या. त्याच्या वडिलांनी केलेली ती शेवटची वाइन. नंतर ते गेले.

पहिली चांगली. दुसऱ्या बाटलीशी माझं नाक थांबलं. अगदी पुसट होता. डांबराच्या मागे, सुंठीच्या मागे, पण होता. भिजलेलं खोकं.

"ही खराब आहे," मी म्हणाले.

मॅनेजरने चाखली. "ठीक आहे."

मुलाने चाखली. "उत्तम आहे. ही माझ्या वडिलांची वाइन आहे," तो म्हणाला, आणि ते शेवटचं वाक्य त्याने जरा जोरात म्हटलं.

मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "यल्ला, चल, सांग की चूक झाली. त्या माणसाच्या मेलेल्या बापाची बाटली आहे. अडून बसलीस आणि चुकलीस, तर मी काही करू शकणार नाही."

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? ती जागा मला पोटातून हवी होती, आणि चाखणारे दोघं एकीकडे, न चाखणारी मी एकटी दुसरीकडे. पण आई निवडायला बसली की मालक शेजारी उभा असला तरी खराब दाणा टेबलावर ठेवायची नाही. मी म्हटलं, "चूक झाली असती तर सांगितलं असतं. ग्लास पंधरा मिनिटं तसाच राहू दे. हवा लागली की हा वास वर येतो."

पंधरा मिनिटं मी ग्लास पुसले. आधीच पुसलेले परत पुसले. म्हातारी त्या ग्लाससमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग तिने तो उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला आणि मुलाच्या पुढ्यात सरकवला. त्याने वास घेतला आणि त्याचा चेहराच उतरला.

म्हातारी काहीतरी बोलली. त्याने सांगितलं, "आई म्हणते, बाबांचं काही चुकलेलं नाही. बूच वाईट निघालं." मग ती उठली, ती बाटली तिने स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये रिकामी केली आणि परत येताना माझं कोपर घट्ट दाबलं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

मेजवानीत एका पाहुण्याने मला विचारलं, ही तोंडात कशी लागते? मॅनेजर माझ्याकडे वळला. मी म्हणाले, "ते मला माहीत नाही, मी पीत नाही. ज्यांच्या घरची आहे त्या इथेच आहेत, त्यांना विचारून सांगते." म्हातारीने गाल आत ओढून दाखवले आणि मुलगा म्हणाला, "तुरट. घाई असलेल्यांनी पिऊ नये." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ती जागा मला मिळाली.

पण हॉटेलला माझा फोटो हवा होता, हातात बाटली घेऊन, इंटरनेटवर टाकायला. म्हणजे दुपारपर्यंत तो कुठल्यातरी चुलतभावाच्या मोबाइलवरून आईपुढे जाणार. तिला दुसऱ्याकडून कळू द्यायचं नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी फोन केला आणि चार वर्षांचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आईने गॅस बंद केला.

"तोंडाला लावलीस?"

"नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

"मग कळतं कसं तुला?"

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. नैवेद्य, पुरण, वाफ. वाटलं, तिला बरं वाटेल.

"पुरणावरनं नव्हं गं," आई म्हणाली. "पुरण काय, सणासुदीला. तुझा बाप रोज यायचा. टेम्पो थांबला की मी दारात का उभी राहायची? उंबऱ्याच्या आत पाय ठेवायच्या आधी मला कळायचं, किती घेतलीया, कसली घेतलीया. त्यावरनं ठरायचं, तुम्हास्नी काकूकडं धाडायचं का न्हाई."

मी रडत होते आणि ते तिला कळू नये म्हणून फोन लांब धरला होता. व्यर्थच.

"रडू नगं," ती म्हणाली. "माझ्या नाकानं मला नुसतं भ्यायला शिकवलं. तुझ्या नाकाला पगार मिळतोय, मिळू दे. आन् फोटू काढताना नीट ताठ उभी राहा."

ताठ उभी राहिले. विचारणाऱ्यांना मात्र मी अजूनही पुरणाचंच सांगते.