लोवेलच्या चार दुरुस्त्या

लोवेल एंगब्रेटसनइतका कटकट्या माणूस अख्ख्या डुलुथमध्ये नसेल, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. बियाण्यांच्या कंपनीची माहितीपत्रकं तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं. बायको केव्हाच सोडून गेली, नोकरीही संपली, उरली ती टीव्हीवरची प्रश्नमंजूषा. आमच्या तरुणपणापासून चालू आहे ती. रोजचा भाग संपला की तो इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसतो. तिथं लोक उत्तरांवरून भांडतात आणि त्याहून जास्त एकमेकांच्या व्याकरणावरून. त्यात लोवेलचा हात धरणारा कुणी नाही. सगळे त्याला ‘मास्तर’ म्हणून चिडवायचे आणि हा मनातून सुखावायचा. त्याच्याशी बोलणारी तेवढीच माणसं होती. बाकी मी, तीही भट्टीत भाजलेली हॉटडिश उरली की डबा द्यायला गेले तर.

कार्यक्रमाचं चित्रीकरण काही महिने आधीच होतं, आणि निकाल फोडायचा नाही अशी स्पर्धकाला सक्त ताकीद असते. म्हणून ज्या संध्याकाळी त्याचा भाग दाखवतात, त्याच संध्याकाळी तो कट्ट्यावर येतो आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. गेल्या महिन्यात नेब्रास्काचा ग्लेन जिंकला, शाळेची बस चालवणारा. काय खेळला गडी! मीही कट्ट्यावर नुसती वाचायला जाते; आम्ही सगळे त्याची वाट बघत बसलो.

आला तो त्याच्या बायकोचा, रोझानचा मजकूर. ग्लेन एप्रिलमध्येच वारला होता. निकाल त्यानं तिलासुद्धा सांगितला नव्हता. तो जिंकला हे तिला आत्ता टीव्हीसमोर बसून कळलं होतं, आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.

पहिलं उत्तर लोवेलचं. तिचा मजकूर जसाच्या तसा उतरवून त्याखाली चार दुरुस्त्या, आणि शिवाय शेरा: ‘विजेत्याच्या घरी स्वल्पविराम तरी परवडायला हवेत.’

मी घरातल्या सपाता घालूनच त्याच्या दारात गेले.

“मेल्या, वाचलंस तरी का ते?”

“वाचलं की. चार चुका आहेत, व्हर्ना. पाचवी सोडून दिली मी.”

“अरे, नवरा गेलाय तिचा!”

“कुठे लिहिलंय?”

“दुसऱ्या ओळीत.”

त्यानं तिथल्या तिथे आपलं उत्तर पुसून टाकलं. माफी मागितली. त्या माफीखाली कुणी चकार शब्द लिहिला नाही. तो रोज काहीबाही लिहायचा आणि लोक त्याला ओलांडून पुढच्याशी बोलायचे. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्याचं जेवणावरून मन उडालं. मला त्याचा संताप येत होता, आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

परवा रोझानचं उत्तर आलं. उघडायचा धीर होईना म्हणून त्यानं मला बोलावलं. मीच वाचून दाखवलं.

‘लोवेल, तुमच्या दुरुस्त्या मी त्याच दिवशी माझ्या मजकुरात करून घेतल्या. आभारी आहे. पण आता वाचते तर ते माझं वाटत नाही. त्या संध्याकाळी मी काय लिहून गेले, तेही आठवत नाही. ग्लेन जिंकला त्या आनंदात लिहिलेलं तेवढंच होतं. तुम्ही ते उतरवून घेतलं होतंत. पहिलं, चुकांसकट, तुमच्याकडे असेल ना?’

लोवेलनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“व्हर्ना,” तो म्हणाला, “तेही मीच पुसलं, हे तिला कसं सांगू गं?”