पळून राहिले
संत्र्याला बहार आला की त्या गोड वासासरशी मला सौंसरजवळचं ते व्यसनमुक्ती केंद्र आठवतं. दारू सुटावी म्हणून घरच्यांनी मला तिथं ठेवलं होतं. पुण्याहून नव्यानंच आलेल्या डॉक्टरीणबाई गोळ्यांइतकाच भर व्यायामावर द्यायच्या, आणि मी रोज गुडघ्याचं निमित्त सांगून ओट्यावर बसायचो. मी व्यायाम टाळतो ही तक्रार बायकोपर्यंतही गेली होती. एका सकाळी हवा गार होती, शेजारचा बगीचा नुसता घमघमत होता, रात्री झोपही शांत लागली होती. काय वाटलं कोण जाणे, मी उठलो आणि इमारतीमागं कुंपणाच्या कडेकडेनं पळायला लागलो. बाईंनी आल्या आल्या माझं विचारलं, तर चौकीदार कौतुकानं म्हणाला, "मॅडम, थो तं पळून राहिला." आमच्याकडं याचा अर्थ एवढाच की तो पळतो आहे. बाईंना वाटलं, पेशंट पसार झाला. त्यांनी घाबरून माझ्या बायकोला फोन लावला आणि चौकीदाराचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिकडून बायको म्हणाली, "खरंच पळून राहिले का? लय बेस झालं मॅडम." तेवढ्यात मी घामाघूम होऊन बाईंसमोर आलो. आजही सकाळी कोणी मला विचारत आलं की बायको दारातूनच सांगते, "पळून राहिले." दारूच्या दिवसांत ती सांगायची, "गेले पळून."