सव्वा मुठीचा प्रकल्प

शाळेतल्या प्रकल्पांचा मला पूर्वी मनापासून वैताग होता. मुलांनी सायबर कॅफेतून छापून आणायचं, आयांनी चिकटवायचं आणि आम्ही त्या चकचकीत पानांना गुण द्यायचे. खरं तर निम्मे गुण कॅफेवाल्याचेच होते.

म्हणून पिंप्राळ्यातल्या आमच्या शाळेत या वेळी आठवीला मी बजावून सांगितलं, प्रश्न आपल्या घरातला हवा. आधी इंटरनेटवर शोधा, मग माणसांना विचारा आणि दोन्हींचं कुठं जुळत नाही ते लिहा.

एका अबोल मुलीच्या गटानं कानबाईचा रोट निवडला. श्रावणात आमच्या खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ मुठीनं मोजून दळतात आणि भाऊबंद मिळून तो रोट खातात. मला वाटलं, झालं, आता पाककृती येणार!

संगणकाच्या खोलीत चालू यंत्रं मोजकीच, त्यामुळे एकेका पडद्यापुढे पोरींची दाटी. जे पान उघडावं त्यावर एकच माहिती होती: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. बाकीच्या पोरी खूश, सगळीकडे तेच आहे म्हणजे बरोबरच असणार. ती अबोल मुलगी मात्र एका पानाशेजारी दुसरं पान उघडून बघत बसली.

"मॅडम, सगळ्यांचं वाक्य तेच आहे. फोटोसुद्धा तोच. म्हणजे सांगितलंय एकानंच, बाकीच्यांनी उचललंय."

मी खुर्चीतून उठलेच. हे कळायला मोठ्या माणसांना आयुष्य पुरत नाही. रोज फोनवर आलेलं पुढं ढकलणारे आमचे शिक्षकसुद्धा त्यात आले.

मग गट शाळेजवळच्या कॉलनीत फिरला. इथली माणसं पारोळ्याकडची, अमळनेरची, धुळ्याची. प्रत्येक दारात प्रश्न एकच, मूठ कुणाकुणाची घालता? कुठं फक्त पुरुषांची, कुठं सुनांचीही. धुळ्याकडच्या एका घरात मुलीच होत्या, तिथं कधीपासून मुलींच्याच नावानं घालत होते. एक आजी तर म्हणाली, ज्याला तोंड आहे त्याची मूठ! पोरींनी प्रत्येक उत्तरापुढे मूळ गाव लिहिलं होतं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, आणि ते मी वर्गात मोकळेपणानं बोलूनही दाखवलं.

शुक्रवारी प्रकल्प जमा करायचा होता. या गटाचं सगळं तयार, फक्त निष्कर्षाचं पान कोरं.

"मॅडम, निष्कर्ष मंगळवारी देऊ का?" त्याच अबोल मुलीनं विचारलं.

"इतकी माहिती जमवलीस, मग आता घोडं कुठं अडलंय?" मी जरा करवादलेच.

बाकीच्या मैत्रिणी खाली बघायला लागल्या. ती हळूच म्हणाली, "पप्पा गेल्यापासून गावी आमच्या घराची मूठच पडत नाही. आई, मी आणि धाकटी, तिघीच उरलो ना. रोट आम्हाला देतात, पण त्यात आमचं काही नसतं. उद्या गावी धान्य मोजणार आहेत. मी आबांना हे दाखवणार आहे."

आबा म्हणजे तिचे आजोबा, भाऊबंदांतले सगळ्यांत मोठे. "दे मंगळवारी," मी म्हणाले.

शनिवार-रविवार माझं घरात लक्ष नव्हतं. सगळ्या भाऊबंदांत कुणी तिला गप्प बसवलं तर? आईलाच चार शब्द ऐकावे लागले तर? मला भीती वाटत होती, आणि त्या पोरीचा अभिमानही वाटत होता.

मंगळवारी प्रार्थनेआधीच ती दारात हजर. आबांनी म्हणे एकेका घराचं उत्तर वाचून घेतलं. मग विचारलं, "ह्या बठ्ठा घरे आपला खान्देशनाच शेतस ना?" ती म्हणाली, हो, सगळी घरं खान्देशातलीच. मग आबांनी धान्याचं सूप तिच्यापुढे सरकवलं.

"मंग टाक तुन्ही मूठ. धाकलीले बलाव. तुन्ही मायलेबी बलाव."

दोघी बहिणींनी घातली. आई डोक्यावरचा पदर सावरत आली, घाईघाईनं एक मूठ घातली आणि डोळे पुसत मागं वळली. तिला थांबवून आबा जे म्हणाले, तेच लेकीनं निष्कर्षाच्या पानावर लिहून आणलं होतं:

"थांब व माय. सव्वा मूठ राहस. तुन्हा पाव राह्यना."