रांजणाचं मी बोललो नाही

आमच्या घराण्यात भाषणाचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो की पुण्यानुमोदन, कुणीतरी म्हणतं, "याला बोलू द्या," आणि मी लाजल्यासारखं करून लगेच उठतो. या कौतुकाची सुरुवात माझ्या मामांच्या पुण्यानुमोदनाला झाली. त्या भाषणाची मला आजही चीड येते.

मामा तरुणपणी पलटणीत होते, बर्मात लढून आले. सारे त्यांना हवालदार म्हणत. नंतर ते नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर लागले, तिथूनच रिटायर झाले आणि आणीबाणी उठली त्या वर्षी गेले. जुन्या जालन्यात ते आग विझवायला गेले नाहीत अशी गल्ली सापडणं अवघड. मला मात्र एकच आग सांगायची आहे.

कापडाच्या एका शेठच्या घराला ती लागली होती. शेठची आई माजघरात अडकली. मामांनी स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या रांजणात गोणपाट बुचकळलं, डोक्यावर घेतलं, सरपटत आत गेले आणि म्हातारीला पाठीवर घालून बाहेर आणलं. त्यात त्यांचा एक कान भाजला. तो शेवटपर्यंत सुकल्या जर्दाळूसारखा राहिला. दुसऱ्या दिवशी निखारे बघायला गेले, तर रांजण गल्लीत फोडून टाकलेला. आम्हाला बौद्ध होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण त्या घराच्या लेखी आम्ही होतो तेच होतो.

मामा घरी येऊन म्हणाले, "रांजण नवा येईल. बुढी जुनीच चालू हाय, ते बराबर झालं." आणि हसले. मामी हसली नाही.

पुण्यानुमोदनाच्या सकाळी मामीने मला चुलीपाशी बोलावलं.

"तू लई बोलतो ना? मंग आज रांजणाचं सांग."

"आज कशाला मामी, चार लोक येणार..."

"चार लोक येऊन राह्यले म्हणूनच. एकट्या भिताडाला किती दिवस सांगू?"

मी हो म्हणालो.

त्रिशरण-पंचशील झालं आणि बघतो तर पहिल्या रांगेत शेठ, हातात हार. मी ज्या शाळेत तात्पुरता मास्तर होतो, तिच्या संस्थेचे अध्यक्ष हेच. ते उठून म्हणाले, "हवालदार आमच्या घरचेच होते." घरच्या माणसाचा हात लागला म्हणून रांजण कोण फोडतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तिळपापडासकट मी उठलो आणि वीस मिनिटं बर्मा सांगितला. जंगल, चिखल, जळवा, जपानी. मी स्वतः तोवर भोकरदनच्या पुढे गेलो नव्हतो. लोकांनी डोळे पुसले. रांजणाचं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही.

मी बसलो आणि मामी उभी राहिली. त्या दिवशी घरच्या बाईनं बोलायची आमच्यात रीत नव्हती.

"शेठ, यांनी तुमच्या आईला पाठीवर घेतलं, ते चाललं. रांजणात गोणपाट बुडवलं, ते न्हाई चाललं. असं कसं?"

"बाई, ते बायकांनी केलं असंल. मला कुठं ठाऊक?"

"मंग घरी जाऊन इचारा. आईला बी धुऊन घेतल्तं का, ते बी इचारा."

शेठनी हार सतरंजीवर ठेवला आणि निघून गेले. मामीच्या बाजूने कुणी एक शब्द बोललं नाही. मीही नाही. खरं सांगतो, मला तेव्हा आठवली ती माझी नोकरी.

अजूनही लोक म्हणतात, "बर्मा काय रंगवला होता राव." आणि मामीचं? "दुःखात बोलून गेली बिचारी." बिलकुल नाही. त्या दिवशी शुद्धीवर असलेलं तेवढं एकच माणूस होतं तिथं.

जूनमध्ये शाळेने मला कायम केलं. कागदावर सही शेठचीच. मी तो कागद घेतला, गल्लीत पेढे वाटले. मामीच्या दारात पेढे घेऊन जायची मात्र माझी छाती झाली नाही.