अकरा मिनिटांचे पाणबुडीवाले

थाप माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकीचे सासरे कोणीतरी बडे होते. एकीचे सर्जन, दुसरीचे कलेक्टर. माझे सासरे नौदलाच्या भांडारात कांदे-बटाटे उतरवून घ्यायचे. हळदीकुंकवाला माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे बाबा पाणबुडीत होते." नौदल खरंच होतं, मी ते फक्त थोडं पाण्याखाली नेलं.

वर्षभर ही थाप सुखाने नांदली. मग पाचवीतल्या लेकीला प्रोजेक्ट मिळालं, सुरुवातीच्या पाणबुड्यांवर. तिने वर्गात अभिमानाने आजोबांचं सांगितलं आणि बाईंनी गुरुवारी आजोबांनाच बोलावलं. बाबा नेमके दरवर्षीसारखे हिवाळ्यासाठी आमच्याकडे आलेले. नवरा रुवैसच्या रिफायनरीत, तो उगवणार शुक्रवारी. लेक वर्गासमोर खोटी पडणार होती, आणि तीही माझ्यामुळे.

मी बाबांना जिन्यात गाठलं. ते चौथ्या मजल्यापर्यंत पायीच चढत, व्यायाम म्हणून. मी लिफ्टमध्ये शिरताना त्यांना टाटा करायची आणि ते धापा टाकत वर पोचले की दार उघडून हसत उभी असायची. खोडच आहे मला. त्या दिवशी मात्र मुकाट्याने त्यांच्यामागून चढले आणि तिसऱ्या मजल्यावर सगळं कबूल केलं. म्हटलं, दहा मिनिटं काहीतरी ठोकून द्या, मुलांना काय कळतंय. बाबा कठडा धरून उभे राहिले. मला वाटलं, दम लागला असेल.

संध्याकाळी लेक त्यांना प्रोजेक्ट वाचून दाखवायला बसली. अमेरिकेतल्या यादवी युद्धातली एक पाणबुडी म्हणजे लोखंडी पिंपच. आत आठ माणसं, त्यातले सात जण हाताने दांडा फिरवणार, तेव्हा ती पुढे सरकणार. हवा संपत आली हे मेणबत्ती विझली की कळायचं. सरावातच तिने दोनदा आपलीच माणसं बुडवली. तरी तिसऱ्यांदा माणसं आत बसली, शत्रूचं जहाज बुडवलं आणि परत आलीच नाहीत. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, शत्रूपेक्षा घरच्यांनाच जास्त महागात पडली की. कोणी हसलं नाही.

"मेणबत्ती विझल्यावर ते काय करत असतील गं?" बाबांनी विचारलं.

"इट डझन्ट से, आजोबा."

गुरुवारी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वर्गात उभे राहिले. मी मागच्या बाकावर. ते आपल्या नौदली हिंदीत म्हणाले, मी पाणबुडीत होतो. माझा जीव भांड्यात पडला.

"सिर्फ ग्यारह मिनट," ते पुढे म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी पाणबुडीसाठी त्यांची निवड झाली होती. पाणबुडी धक्क्यालाच बांधलेली होती. वरचं झाकण बंद झालं आणि त्यांनी दोन्ही मुठींनी ते बडवायला सुरुवात केली. बाहेरच्यांनी उघडलं. दुसऱ्या दिवशी बदली थेट भांडारात.

"मी ठोकलं तेव्हा उघडायला वर कोणीतरी होतं," ते म्हणाले. "त्या आठ जणांना कोणी नव्हतं, आणि हे ठाऊक असून ते बसले. मला तर अजून लिफ्टमध्येही बसवत नाही."

एका मुलाने विचारलं, मग तुम्हाला नोकरीवरून काढलं का? बाबा म्हणाले, नाही, कांदे दिले. वर्ग खदाखदा हसला. मला हसता येईना. इतकी वर्षं मी त्या माणसाला टाटा करत होते, याची मला फार लाज वाटली.

घरी आल्यावर सवयीने मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली. बाबा जिन्याकडे वळले होते. लेकीने माझी पर्स जिन्याकडे ओढली.

"यल्ला, ममा."

लिफ्ट तशीच सोडून आम्ही चढायला लागलो. तिसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून धापा टाकत उभी राहिले. बाबा वरच्या वळणावर थांबले, मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला टाटा केला.