थरथर गाडीची की हाताची

काचवाल्या काकांची पिकअप गाडी नवी कोरी होती. दारांच्या आतलं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. आणि तरी ती थरथरत होती. गल्लीबोळातून फिरताना काही नाही. मोठ्या रस्त्याला लागून काटा सत्तरच्या पुढे गेला, की झालं सुरू. आधी तळपायांना बारीक मुंग्या, मग गुडघ्यांना, मग स्टिअरिंगवरच्या बोटांना. खडखडाट नाही, दणके नाहीत. शेजारी बसून कुणीतरी हुंदका दाबावा तशी नुसती थरथर.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मरू दे, चालतेय ना गाडी! पण काका जन्मभर काचा वाहत आलेले. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या दर्शनी काचा, माणसाच्या उंचीचे आरसे. हौद्यात काचा उभ्या लावायच्या, मध्ये जुनी ब्लँकेटं कोंबायची आणि गाडी अशी हाकायची की काचेला वाटावं आपण अजून दुकानातच आहोत. गाडीच्या पोटात काय दुखतंय ते काकांना बुडाखालून कळायचं. ह्यात बढाई काही नाही, सवयीची गोष्ट आहे.

आणि काच एकट्याने उचलता येत नाही. दुसरं टोक धरायला माणूस लागतं. ते माणूस म्हणजे काकू. जुन्या गाडीत त्या कायम काकांच्या शेजारी. लग्न झाल्यापासूनची ती जागा, दुसऱ्या कुणाची बसायची टाप नव्हती. काकू होत्या बुटक्या. समोरच्या काचेतून त्यांना रस्ता दिसायचाच नाही, दिसायचं आभाळ. "अहो, मला काय ढग मोजायला आणलंय का?" असं त्यांनी एकदा फणकाऱ्याने विचारलं, तेव्हा काकांनी त्यांच्या सीटखाली लाकडी ठोकळे घालून ती उंच करून दिली होती. मग काय विचारता! "डावीकडे घ्या, खड्डा आहे, अहो, हळू!" बाई अखंड सूचना करून काकांचं डोकं खायच्या. काका वैतागायचे, आणि गाडी डावीकडे घ्यायचे.

नवी गाडी दोघांनी मिळून पसंत केली. ती यायच्या आतच काकू आजारी पडल्या आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. गाडी दारात आली त्याच दुपारी तिकडून फोन आला. तो दिवस काकांच्या डोक्यातून पुसलाच गेला आहे. शोरूमवाल्याने हातात किल्ली दिली ते आठवतं. एकदम संध्याकाळी दवाखान्याच्या लांबलचक बोळातला बाक आठवतो. मधलं काही म्हणजे काही नाही. आणि त्यानंतर पहिल्यांदा गाडी बाहेर काढली, तर ही थरथर.

काका गेले वर्कशॉपमध्ये. तिथला फोरमन मनाने चांगला, पण तोंडाचा फटकळ. वर्कशॉपचा नियम असा की गाडी तपासायला रस्त्यावर नेली तर एक आपला माणूस आणि एक गाडीचा मालक, दोघं बसलेच पाहिजेत. पूर्वी कुणा मेकॅनिकने गिऱ्हाइकाची गाडी एकट्याने नेऊन भिंतीवर घातली होती म्हणे, तेव्हापासूनचा तो नियम. तर काका चालवायला, फोरमन शेजारी. काटा सत्तरवर गेला. पंचाहत्तर. ऐंशी.

"कुठे आहे थरथर?" फोरमन म्हणाला.

काका बघतच राहिले. गाडी अशी चालली होती की तिच्यात बसून सुईत दोरा ओवावा.

"आत्ता, येताना होती रे!"

"आणि ही सीट कसली काका? माझं डोकं टपाला लागतंय. कंपनीने पोराटोरांसाठी बनवली की काय?"

मग फोरमनने चालवली, काका शेजारी बसले. काही नाही. तरी त्याने चाकांचं बॅलन्सिंग केलं, टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले. काका घरी निघाले, मोठ्या रस्त्याला लागले, आणि आली की हो थरथर! पुढच्या आठवड्यात पुन्हा वर्कशॉप. त्याच्या पुढच्याही. इंजिन खाली ज्यावर बसतं ते रबर पाहून झालं, मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा खोलून झाला. फोरमन शेजारी बसला की गाडी शहाण्या बाळासारखी, उतरला की चालू. काकांच्या नाकी नऊ आले, आणि खरं सांगायचं तर फोरमनच्याही.

खरं आणखी एक सांगायचं तर काका त्या फेऱ्यांची वाट बघायला लागले होते. घरात बोलायला कोण होतं? खुंटीवर दोन कप, वापरायचा एक. भाजी टाकताना अंदाज चुकायचा, दोघांची व्हायची, मग दोन्ही वेळा तीच खायची. टीव्ही लावला तर आवाजाने घर आणखीच रिकामं वाटायचं. वर्कशॉपमध्ये निदान फोरमन शिव्या घालायचा.

लेक दुसऱ्या शहरात. ती रोज फोन करायची आणि तिला त्या थरथरीचं ऐकून ऐकून शंका आली. आलीच ती. गाडीत शेजारी बसली, रस्ता सोडून बापाच्या हातांकडे बघत राहिली. थरथर अर्थातच नाही. घरी आल्यावर तिने काकांच्या हातात चहाचा कप दिला आणि डोळे वटारून त्या कपाकडे बघायला लागली. आता असं कुणी बघत बसलं तर दगडाचा हातसुद्धा हलेल! कप बशीवर किणकिणला. लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बाबा, गाडीला काही झालेलं नाही. तुमचे हात थरथरतात."

"अगं, तू अशी बघतेस म्हणून..."

"आईने तुम्हाला कधीच थांबवलं असतं. गाडी विकून टाका. माझ्याकडे चला."

लेकीच्या घरी जायचं म्हणजे खिडकीशी बसायचं आणि जेवायला कधी बोलावतात त्याची वाट बघायची, एवढं त्यांना कळत होतं. बातमी काचेच्या दुकानाच्या मालकाच्या कानावर गेलीच. जन्मभराची ओळख असलेला माणूस तो, पण त्याचीही नजर हातांकडे. "काका, राग नका मानू. मोठ्या काचा तूर्त दुसऱ्या गाडीतून पाठवतो. तुम्ही लहान खोकी न्या. गाडीचा दोष आहे की तुमचा, एकदाचं कळू द्या, मग बघू." म्हणजे दुसऱ्या शब्दांत, काका, बसा घरी.

आणि खरी भीती ही, की काकांनाही आता तसंच वाटायला लागलं होतं. सकाळी ओट्याशी उभं राहून ते पेला काठोकाठ भरायचे आणि तळहातावर धरायचे. पाणी हलायचं नाही. "बघ," ते मोठ्याने म्हणायचे. बघायला कुणी नसायचं. आणि गाडीत बसून मोठ्या रस्त्याला लागले, की पुन्हा बोटांत थरथर.

शेवटच्या फेरीला फोरमन जरा जास्तच बोलला. "काका, मी बसलो की नसते, तुमची मुलगी बसली की नसते. तुम्ही एकटे असलात की येते. असल्या दुखण्याला आमच्याकडे पाना नाही हो." बोलून गेला आणि जीभ चावली, पण लागायचं ते लागलं. काका गाडी घेऊन निघून आले. एकटे असलात की येते. वाक्य डोक्यातून जाईना.

दोन दिवसांनी मालकाने कपाटाच्या काचेच्या कप्प्यांचं खोकं दिलं. जड, पण लहान. मागे एवढ्या मोठ्या हौद्यात ते इकडून तिकडे सरकत बसलं असतं, म्हणून काकांनी ते शेजारच्या सीटवर ठेवलं आणि वरून पट्टा लावला. काकू नेहमी पट्टा लावायला विसरायच्या आणि काका वाकून लावून द्यायचे, त्याच हाताने. मोठा रस्ता आला. सत्तर. ऐंशी. थरथर नाही. काकांनी श्वास रोखून धरला. नाही म्हणजे नाही! खोकं गिऱ्हाइकाच्या दारात उतरवलं, परत फिरले, सत्तर ओलांडले, आणि हजर.

काकांनी गाडी कडेला घेतली. रिकाम्या सीटकडे बघत बसले आणि एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"एकट्याने चालव," वर्कशॉपमध्ये शिरता शिरता ते फोरमनला म्हणाले.

"काका, नियम..."

"नियम गेला खड्ड्यात. मी इथे फाटकाशी उभा राहतो. शेजारी कुणी नको, पिशवीसुद्धा नको. माझं एवढं ऐक."

फोरमनने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि किल्ली घेतली. गाडी वळणापलीकडे गेली. काका फाटकाशी उभे. दोन्ही हात त्यांनी खिशात घातले होते, कारण आता ते खरोखरच कापत होते. थरथर नाही म्हणाला तर? तर लेक खरी, मालक खरा, आणि आपलं संपलं.

गाडी परत आली. फोरमन इंजिन बंद करून आतच बसून राहिला. मग काच खाली केली.

"काका, थरथरतेय हो."

काकांचा जीव भांड्यात पडला.

"च्यायला, एवढे आठवडे आम्ही चाकं फिरवतोय, आणि दुखणं ह्या सीटचं!" फोरमन टॉर्च घेऊन शेजारच्या सीटखाली आडवा झाला. "माणूस बसलं की वजनाने दबते, रिकामी असली की... अरेच्चा! काका, इकडे या. हे लाकूड कुणी घातलं इथे?"

काका गुडघ्यांवर वाकले. सीटखाली चार ठोकळे होते. कडा पॉलिशच्या कागदाने घासून गोल केलेल्या. एकावर जुन्या गाडीच्या हिरव्या रंगाचा शिंतोडा.

काकांना ते ठोकळे ओळखायला वेळ लागला नाही. आणि त्याबरोबर ती दुपार परत आली, अख्खी. नवी गाडी दारात लागलेली. जुन्या गाडीतून आपण हे ठोकळे काढतोय, नव्या गाडीची सीट ढिली करून खाली बसवतोय. ती बरी होईल, तिला ह्याच गाडीतून घरी आणायचं, आणि बसल्या बसल्या तिला रस्ता दिसला पाहिजे. नाहीतर नव्या गाडीलाही नावं ठेवील. हसत होतो आपण. मग खिशातला फोन वाजला.

"दोन बोल्ट चांगले आवळलेत," फोरमन खालून सांगत होता. "दोन नुसते बोटाने फिरवून सोडलेत. कसलं अर्धवट काम! कोण हा गाढव?"

"फोन आला होता," काका म्हणाले.

फोरमन सीटखालून बाहेर आला. त्याला काकू माहीत होत्या, त्या कधी गेल्या तेही माहीत होतं. हातातल्या फडक्याची तो उगाच घडी घालत राहिला.

"ठोकळे काढून टाकू?" त्याने हळूच विचारलं. "कंपनीची होती तशी बसवून देतो."

"नको."

"मग मी आवळतो हां काका, तुम्ही बसा."

"पाना इकडे दे," काका म्हणाले. "माझं काम आहे ते. अर्धं राहिलंय."

फोरमनने पाना दिला आणि टॉर्च धरली. काकांनी एक बोल्ट आवळला, मग दुसरा. फोरमन त्यांच्या हातांकडे बघत होता आणि ते काकांना माहीत होतं, पण हात हलले नाहीत. सीट धरून काकांनी गदागदा हलवून बघितली. ती जागची हलली नाही.

लेकीला त्यांनी तिथूनच फोन केला. "हात नव्हता गं, सीट होती," एवढंच सांगितलं. मालकाला फोरमनने स्वतः सांगितलं, वर दोन शब्द जास्तच सुनावले. उद्या दुकानाची मोठी काच न्यायची ठरलं, दुसरं टोक धरायला मालक माणूस देणार होता.

मग काका घरी निघाले. मोठा रस्ता आला, काटा सत्तरच्या पुढे गेला. पाय शांत, गुडघे शांत, बोटं शांत. इतके दिवस ह्याचसाठी धडपडले, आणि आता ती शांतता त्यांना सोसवेना. शेजारची सीट उंच, रिकामी, गप्प होती.

"अगं," काका समोर बघतच म्हणाले, "दिसतोय ना आता रस्ता?"

पुढे डावीकडे वळायचं होतं. कुणी सांगितलं नाही. काकांनी आपणच गाडी डावीकडे घेतली, आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात घट्ट ठेवून ते घर येईपर्यंत रडत राहिले.